मेंढरांच्या घरातला लांडगा

६ जानेवारी २०२५

ही डायरी हळदीच्या आडत्यानं मामांना दिलेली. मामा म्हणजे माझे सासरे, संपतराव. त्यांना अक्षर येत न्हाई, म्हणून डायरी चुलीत जायला निघाली होती. मी उचलली. आता हिच्यात मला वाटंल ते लिहिणार. घरात वाचणारी मी, अन् माझा नवरा प्रभू, तो बी अडखळत.

आज एक काम आलं. शाळेच्या गॅदरिंगची अस्वलं, माकडं, ससे मी सहा वर्षं झाले शिवून राहिले. त्यातलं एक अस्वल कुणी तरी मोबाईलवर टाकलं, अन् ते पुण्यातल्या एका पोरीनं पाहिलं. प्रियदर्शनी तिचं नाव. आमच्याकडच्याच पुसेगावच्या तांड्यावरच्या वसराम गुरुजींची लेक, पुण्यात कंपनीत कम्प्युटरवर बसती. फोनवर म्हणली, "ताई, मला लांडगा शिवून पाहिजे. डोक्यापासून पायापर्यंत. आत मी राहणार."

नाटक हाय का? न्हाई म्हणली. मग शाळा? ते बी न्हाई. म्हणली, फेब्रुवारीत पुण्यात फरी लोकांचा मेळावा हाय. फरी म्हणजे काय, तर माणूस आपल्या मनातलं एक जनावर ठरवतो, त्याचं चित्र काढतो, नाव ठेवतो, अन् दोन दिवस ते अंगावर घालून सगळ्यांसोबत हॉटेलात हिंडतो. मला हसू आलं. मग तिनं चित्र पाठवलं. निळा लांडगा, पोट पांढरं, शेपूट ताठ वर. नाव निळू. चार बाजूंनी काढलेला, पंजाचं नख न् नख दाखवलेलं. हसू गेलं माझं. येवढं मन लावून माझ्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं. लोक म्हणतेत, कसं बी शिवा, एका दिवसाचं तर हाय.

हो म्हणून टाकलं. घरात मात्र कुत्रं सांगितलं. आमचं घर मेंढरांचं. लांडग्याचं नाव घेतलं तरी मामा थुंकतेत.

११ जानेवारी

आठ दिवस बी टिकलं न्हाई खोटं. आज फोमचं डोकं कापून ओट्यावर ठेवलं. अजून केस न्हाई, रंग न्हाई, नुसता पिवळा फोम. मामा आले, काठी टेकून उभे राहिले, अन् म्हणले, "हे कुत्रं न्हाई."

मी म्हणलं, "न्हाई. लांडगा हाय."

"काहून शिवून राहिली?"

"एका पोरीला लांडगा व्हायचंय म्हणून."

मामा दुपारी ओट्यावर जेवले न्हाईत. ताट उचलून आत गेले. जाऊ द्या. मला एक मात्र बरं वाटलं. नुसत्या फोमवरून त्यांनी ओळखलं, म्हणजे माझं माप बराबर हाय.

आत्या, म्हणजे सासूबाई चांगुणाबाई, काही बोलल्या न्हाईत. संध्याकाळी पाहते तर लांडग्याच्या तोंडावर धुतलेलं फडकं टाकलेलं. तोंड बघवत नसंल त्यांना. टाका म्हणलं, फडक्यानं काय काम थांबत न्हाई.

१४ जानेवारी

संक्रांत. वाणाला आलेल्या बायकांनी तिळगूळ माझ्या हातावर ठेवला अन् डोळे ओट्यावर. एक म्हणली, "सीमे, पोटी लेकरू न्हाई म्हणून जनावरं जन्माला घालून राहिली का?" मी म्हणलं, "व्हय. तुमच्या लेकरांपेक्षा शहाणी निघतेत." तिळगूळ गोड होता, पण त्यांचं बोलणं आज दिवसभर गेलं न्हाई. लिहून टाकलं म्हणजे जाईल.

१७ जानेवारी

निळ्या केसाळ कापडाचा गठ्ठा बेतून झाला. हे कापड कैचीनं सरळ कापलं की केस तुटतेत. उलटं टाकायचं, पाठीचं कापड नुसतं पात्यानं चिरायचं, केस आपोआप सुटे होतेत. तोंडावरचे केस मात्र आखूड लागतेत. त्याला मशीन येतं म्हणे, माझ्याकडं न्हाई. मी मामांची मेंढ्या कातरायची कातर काढली, न विचारता. केस पडतेत त्या अंगानं कातर धरली की पायऱ्या पडत न्हाईत, हे मी माहेरी बापाकडं शिकले. नाकाडावरून कपाळाकडं हात असा गेला की मीच बघत राहिले.

कातर पुसून जागेवर ठेवली. प्रभूनं पाहिलं. त्याच्या बापाला जाऊन सांगणार, ठरलेलं. माझ्यामागं उभा राहून टक लावून बघत असतो, हेरगिरी दुसरं काय.

१९ जानेवारी

डोळे आले. लांडग्याचे डोळे म्हणजे बारीक जाळी, बाहेरून रंगवलेली, आतून आरपार दिसतं. हैदराबादेहून मागवले होते. आमची वस्ती माळावर, कुरिअरवाला वर येत न्हाई, खाली आमच्या गोरेगावला जीप थांबतेत तिथं मोबाईलच्या दुकानात टाकतो. चार दिवस झाले मी ओरडून राहिले की पार्सल आणा कुणी तरी, डोळ्याशिवाय काम अडलं. आज दुपारी शेतातून आले तर खोका ओट्यावर. जीपवाल्याला अक्कल आली म्हणायची. खोका फाटला होता, तर सुतळीनं बांधलेला, आडल्या मेंढीचे पाय बांधताना मारतेत तशी गाठ. जीपवाला आपल्यातलाच असंल.

संध्याकाळी वाईट कळलं. लांडग्यानं दोन कोकरं नेली, भर दुपारी, पाझर तलावाच्या अंगाला. एकाचा कान तेवढा सापडला. कळपामागं प्रभू होता. घरी आला तो माझ्याकडं बघंना, कुणाकडंच बघंना. पाणी दिलं तर तांब्या तसाच हातात धरून बसला.

थोरल्या दिरानं सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं विचारलं, "कळपात माणूस असून कोकरं गेलीच कशी?" प्रभूनं तोंड उघडलं, तोवर मामाच बोलले. म्हणले, "घरात लांडगा बसवलाय, मग बाहेरचा येणारच."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मशीन चालवत राहिले.

२१ जानेवारी

भावकी बसली. निकाल असा की हातातलं काम पुरं करायचं, कारण शब्द दिलाय, अन् दिलेला शब्द आमच्यात मोडत न्हाईत. लांडगा एकदाचा मी पुण्याला नेऊन द्यायचा. परत आल्यावर मी सगळ्यांपुढं बेलभंडार उचलायचा, की ह्या घरात पुन्हा असलं जनावर शिवणार न्हाई. ब्लाऊज शिव, गणवेश शिव.

बेलभंडार म्हणजे बेलाचं पान अन् देवाची हळद हातावर घेऊन खंडोबाची शपथ. घेतली की संपलं. मोडणाऱ्याच्या हातचं पाणी कुणी पीत न्हाई. कोर्टाचा कागद फिरतो, हे फिरत न्हाई.

मी म्हणलं, "आल्यावर बघू."

थोरले दीर म्हणले, "बघायचं काय त्यात?"

"आल्यावर बघू," मी पुन्हा म्हणलं.

खरं लिहायचं तर रात्रभर वाटत होतं, खरंच माझ्यामुळं आला का तो? दोन जीव गेले. कोकरं मीच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मग सकाळी उठून निळ्या डोक्यात ते जाळीचे डोळे बसवले अन् त्यानं माझ्याकडं पाहिलं. ह्याला दात बी अजून लावले न्हाईत. हा कुणाला काय करणार?

२९ जानेवारी

शेपूट लावली. चित्रात ती ताठ वर हाय. पोरीचं चुकलं. कधी लांडगा पाहिला नसंल. लांडग्याची शेपूट खाली लोंबती, चालताना मागच्या पायाला घासती. वर केली की कुत्रं दिसतं. माहेरी तीन वेळा मी समोरासमोर पाहिलाय, मला कोण शिकवणार. निळा तर निळा, पण शेपूट बराबर पाहिजे. खाली लावून टाकली, चांगली जड, झुपकेदार. तिला सांगितलं न्हाई. बघून खूश होईल.

७ फेब्रुवारी

निघाले. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलं तर डोकं चेपणार, म्हणून अंग पोत्यात अन् डोकं मांडीवर, ओढणीत गुंडाळून. शेजारची बाई म्हणली, "लेकरू हाय का?" मी म्हणलं, "व्हय, झोपलंय."

प्रभू हिंगोलीपर्यंत सोडायला आला. गाडी हलताना खिडकीजवळ येऊन म्हणला, "सीमे, मला एक सांगायचं होतं." मी म्हणलं, आता काय? तो म्हणला, "आल्यावर." ह्यालाबी आल्यावरच.

८ फेब्रुवारी, पुणे

काय लिहू अन् काय न्हाई. हॉटेलचा मोठा हॉल. दारातून पाय टाकला तर एक जांभळा कोल्हा, एक पंख लावलेला वाघ, शेळीच्या शिंगांचा एक उंच माणूस, अन् नुसती मांजराची शेपूट अन् कान लावलेल्या कितीक पोरी. शंभर-सव्वाशे माणूस असंल. सगळे मला हात करून राहिले, साडी नेसलेली मी एकटीच. डोकं घातलेलं माणूस बोलत न्हाई, तो नेम हाय. मुंडी हलवून, हात हलवून सांगायचं. मला काही तकलीफ झाली न्हाई. न बोलणाऱ्याचं समजणं हाच आमचा पिढीजात धंदा.

आतल्या खोलीत डोकी काढून बसायची सोय, मोठाले पंखे, पाण्याच्या बाटल्या. लेकरं घामानं निथळून राहिली होती. एका वाघाची काखेतली शिवण उसवलेली. मी पर्समधून सुई काढली, त्याला तसाच उभा करून टाके घातले. मग कोल्हा आला, त्याचा कान लोंबत होता. मग रांगच लागली. एक पोरगं म्हणलं, "ताई, तुम्ही कुठल्या स्टुडिओच्या?" मी म्हणलं, गोरेगावच्या. मुंबईचं गोरेगाव वाटलं त्याला. मी म्हणलं, न्हाई बाबा, सेनगाव तालुका, जिल्हा हिंगोली. पहिल्यांदा कुणी मला एवढं इज्जतीनं विचारलं, तर पत्ता पुराच सांगितला.

मग प्रियदर्शनी आली. बारीक अंगाची, खाली बघून बोलणारी, आवाज तर कान द्यावा तेव्हा ऐकू येतो. पोत्यातून निळू काढला. डोकं पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. कपाळावरून हात फिरवला, मी कातरलं त्याच अंगानं. मग मागं गेली अन् थांबली.

"ताई, शेपूट?"

मी सांगितलं. लांडगा शेपूट वर करत न्हाई, मी पाहिलाय.

तिनं ती लोंबती शेपूट हातावर घेतली. मग म्हणली, "माझा करतो." अन् रडायला लागली.

मी चिडले. म्हणलं, "अगं, खरा लांडगा तसा नसतो. तुला खोटा पाहिजे का?"

"ताई, खरी मी अशी," असं म्हणून तिनं मान खाली घालून, खांदे पाडून दाखवलं. "ऑफिसात अशी. तांड्यावर गेले की अशी. बसमध्ये अशी. सात वर्षं मी त्याला शेपूट वर करून काढतेय. तुम्ही त्याची पण खाली केली."

मी तिथनं निघाले. बाहेर जाऊन उभी राहिले. शेजारच्या हॉलात कुणाचं तरी रिसेप्शन होतं. फेटा बांधलेला एक जण दारातून आत डोकावत हसून राहिला होता. मला म्हणला, "काय मावशी, सर्कस का? शिकलेली पोरं जनावरं होऊन फिरतेत, लाज वाटत न्हाई."

माझं डोकं आधीच तापलेलं. म्हणलं, "भाऊ, खंडोबाला जाता का?" जातो म्हणला. "तिथं वाघ्या देवाचा कुत्रा होतो, भुंकतो, जमिनीवरचं तोंडानं खातो. तेव्हा त्याच्या पाया पडता का हसता?" तो म्हणला, ते वेगळं. मी म्हणलं, "काय वेगळं ते सांगून जा." गेला निघून.

त्याला सुनावलं अन् मग माझं मलाच लागलं. एका पोरीला जे व्हायचं ते हुबेहूब काढून तिनं मला दिलं होतं, अन् मी तिला न विचारता ते बदललं. वरून म्हणलं, बघून खूश होईल.

आत गेले. चुकलं असं काही मी म्हणलं न्हाई. म्हणलं, "काढ इकडं." खोलीच्या कपाटातला तारेचा हँगर घेतला, सरळ केला, दुहेरी पिळला, शेपटीत घालून आतून पट्ट्याला टाचला. तीन वेळा पडली, चौथ्यांदा राहिली. ताठ. अगदी कुत्र्यासारखी. वर म्हणलं तर वर.

९ फेब्रुवारी, पुणे

आज मिरवणूक निघाली, हॉलमधून बाहेर बागेत, परत आत. प्रियदर्शनीनं डोकं घातलं अन् ती पोरगी गेलीच. निळू उभा राहिला. छाती पुढं, मान वर, शेपूट त्याहून वर. रिसेप्शनवाल्यांची लेकरं पळत येऊन त्याला बिलगली. फोटोवाल्यांनी घेरलं तर पळाला न्हाई, कमरेवर हात ठेवून उभा. काल खाली बघून बोलणारी ती हीच का, मी बघतच राहिले.

माझ्या डोळ्याला पाणी आलं. घामानं असंल, हॉलात गरम लई.

जाताना डोकं काखेत घेऊन आली, केस घामानं चिकटलेले, अन् चक्क माझ्या डोळ्यात बघून म्हणली, "ताई, माझ्या मैत्रिणीला घुबड पाहिजे. अन् त्या शिंगांवाल्याला अजून एक लांडगा, काळा. तुम्ही शिवणार ना?"

हो म्हणवलं न्हाई. न्हाई बी म्हणवलं न्हाई. सांगते म्हणलं. झोपायला आडवी झाले तरी ते 'सांगते' मला टोचून राहिलंय.

११ फेब्रुवारी

हिंगोलीला प्रभू मोटारसायकल घेऊन उभा. अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घेतली अन् तोंड फिरवून म्हणला, "त्या दिवशी कळपात मी नव्हतो. तुझे डोळे आणायला गोरेगावला गेलतो. जाऊन यायला तासच लागला."

मला खोक्यावरची सुतळी आठवली. गाठ ती ह्याची होती. जीपवाला कुठून येणार.

"मामांना माहीत हाय?"

"बानं मला येताना पाहिलं. म्हणले, तोंड उघडू नको, भावकीत उभा राहू देणार न्हाईत तुला. कळप सोडून गेलेला धनगर."

म्हणजे म्हातारा सगळं माझ्या शिवलेल्या लांडग्यावर घालून मोकळा झाला. लेकाची इज्जत राहिली अन् सुनेचं काम गेलं. मला मामांचा राग आला, प्रभूचा आला, अन् कोकरांचं नव्यानं वाईट वाटलं, कारण डोळे आणा म्हणून चार दिवस ओरडत होते ती मीच. प्रभू म्हणला, "उद्या मी सांगतो सगळ्यांना." मी म्हणलं, गाडी चालव.

१२ फेब्रुवारी

सकाळीच बसले सगळे. मामा मधी, थोरले दीर, चुलत सासरे, बायका दाराआड. ताटात बेलाची पानं अन् भंडारा. मी अंघोळ करून आले.

थोरले दीर म्हणले, "उचल अन् म्हण."

प्रभू उठला. म्हणला, "आधी मला बोलायचंय." मामांचा चेहरा उतरला.  एका शब्दानं मी सुटले असते. लांडगा माझ्यामुळं आला न्हाई, कळप मोकळा होता म्हणून आला, येवढंच सांगायचं होतं. अन् मग जन्मभर प्रभू ह्याच माणसांपुढं मान खाली घालून फिरला असता. खाली घातलेली मान मी पुण्यात पाहून आले.

प्रभूला म्हणलं, "तुमी बसा. बोलावलं मला हाय." तो बसंना, तर शर्ट धरून बसवलं.

मग बेल घेतला, त्यावर मूठभर भंडारा घेतला, हात वर केला.  मी मोठ्यानं म्हणलं, म्हणजे दाराआड बी जावं, "खंडेराया, तुझा बेलभंडार हातात हाय. ज्याला जे जनावर व्हायचंय त्याला ते मी शिवून देईन. त्यानं सांगितलं तसंच देईन. लांडगा बी देईन. हात चालतेत तोवर शिवणं सोडणार न्हाई." अन् भंडारा कपाळाला लावला.

थोरले दीर उठूनच उभे राहिले. "हे न्हाई म्हणायचं होतं. ही शपथ चालणार न्हाई."

मी म्हणलं, "बेलभंडार मोडा म्हणता का मला? तसं देवापुढं तुमीच म्हणा."

 सगळे मामांकडं बघायला लागले. मामा माझ्याकडं बघत होते. प्रभूनं वाटेत मला काय सांगितलं अन् मी काय सांगितलं न्हाई, ते त्यांना कळलं होतं. शेवटी म्हणले, "उचललाय तिनं. आता कुणाच्या बापाला मोडता येत न्हाई."

"म्हणूनच उचलला," मी म्हणलं.

दाराआडून आत्या बाहेर आल्या. इतके दिवस एक शब्द बोलल्या नव्हत्या. ताटातला भंडारा चिमटीत घेतला, ओट्यावर गेल्या, अन् माझ्या मशीनला लावला, चाकाला अन् सुईला. हात पदराला पुसले अन् सगळ्यांकडं बघून म्हणल्या, "झालं असंल तर उठा. तिला काम हाय."